सांभाळणाऱ्या मावशींना खुणांची भाषा कशी शिकवू?

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष आहे. श्रवणयंत्रं लावली आहेत, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी चालू आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा तिला सांभाळायला घरी मावशी येतात. मावशी मायाळू आहेत, पण तिच्याशी बोलतच नाहीत. "तिला ऐकूच येत नाही तर काय बोलू?" म्हणतात आणि मोबाइलवर कार्टून लावून देतात. मी व्हिडिओ बघून पन्नासेक खुणा शिकले, एका रविवारी मावशींना सगळ्या दाखवल्या. आठवड्याभरात त्या विसरल्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय, इंग्रजी येत नाही. त्यात सासूबाईंचं म्हणणं, हातवारे शिकवले तर पोर कधी बोलणारच नाही. मी सुरुवात कुठून करू? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी एक हिशेब मांडू. मावशी दहा तास असतात. दुपारच्या झोपेचे दोन तास सोडले तर उरतात आठ. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 48 तास. तुमच्या वाट्याला कामाच्या दिवशी लेकीचे जागेपणीचे तीन-चार तास येतात, त्यातही डबा, स्वयंपाक, आवराआवर. म्हणजे तुमची मुलगी पहिली भाषा कुणाच्या हातांवर शिकणार, हे बऱ्याच अंशी मावशींवर ठरणार आहे. मावशींना शिकवायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे, चुकली ती फक्त पद्धत.

पन्नास खुणा का विसरल्या, ते पाहा. त्या एका बैठकीत दाखवल्या गेल्या, हातात वस्तू नसताना, मूल समोर नसताना. अशा व्हिडिओंत रंग, प्राणी, एबीसीडी यांचाच भरणा असतो. मावशींना दिवसभरात 'जिराफ' सांगायची वेळ येत नाही. 'थांब, पाणी गरम आहे' हे सांगायची वेळ मात्र रोज येते.

आणखी एक शंका आहे, ती तपासून घ्या. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ कुठल्या देशाचे होते? लहान मुलांच्या खुणांचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकन सांकेतिक भाषेतले असतात. बहुतेक देशांची सांकेतिक भाषा वेगळी असते. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा चालते. ओळखायची सोपी युक्ती अशी : एबीसीडी एकाच हाताने दाखवत असतील तर ती बहुधा अमेरिकन. भारतीय पद्धतीत बहुतेक अक्षरांना दोन्ही हात लागतात आणि ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर दाखवतात. अमेरिकन खुणा शिकलात तर उद्या शाळेत तिच्या खुणा इतर मुलांना कळणार नाहीत. तुमच्या पन्नासांतल्या काही अशा निघाल्या तर आत्ताच सोडून द्या, अजून फार काही बिघडलेलं नाही. एबीसीडी तर सध्या लांबच ठेवा, पावणेतीन वर्षांच्या मुलीला स्पेलिंगचा काही उपयोग नाही.

मावशींना खुणांच्याही आधी शिकवायची ती गोष्ट म्हणजे मुलीची नजर मिळवणं. ऐकणारं मूल चेंडूकडे बघत असताना आपण मागून "चेंडू, लाल चेंडू" म्हणतो आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्या डोक्यात जातात. तुमच्या मुलीला डोळे एकच आहेत, चेंडूसाठीही आणि भाषेसाठीही. ती चेंडूकडे बघत असताना मावशींनी केलेली खूण फुकट जाते. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी तिने आपल्याकडे बघावं, मग खूण, मग थांबायचं आणि तिला पुन्हा चेंडूकडे बघू द्यायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला एका दमात बोलायची सवय असते. वस्तू स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरून शेजारीच खूण केली की तिला मान फिरवावी लागत नाही. ती खेळण्यात गुंगली असेल तर तिचं डोकं वर उचलू नका, तुमचा हातच खेळण्याजवळ न्या आणि तिथे खूण करा. मांडीवर बसली असेल तर तिच्या अंगावर, तिच्या गालाजवळ खूण करता येते.

लक्ष वेधायला खांद्यावर किंवा दंडावर हलकी थाप द्यायची. हनुवटी धरून तोंड फिरवायचं नाही. तसं वारंवार झालं की मूल मान वळवायलाच नकार देतं. लांब असेल तर तिच्या नजरेच्या कडेला हात हलवायचा, खोलीत असेल तर दिवा एकदा बंद-चालू करायचा. पाय आपटायचा सल्ला बरेच जण देतात. तो लाकडी जमिनीवर चालतो, आपल्या स्लॅबवरच्या फरशीतून हादरा फारसा पोचत नाही. मावशींनी खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा काळा दिसतो. उजेड मावशींच्या तोंडावर हवा. बसायला पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा म्हणजे दोघींचे डोळे एका पातळीत येतील. तोंडावर पदर, तोंडात सुपारी, हे खूण करताना नको. कारण चेहरा हाही या भाषेचा भाग आहे. एखादी खूण हाताचा आकार, जागा, हालचाल आणि तळव्याची दिशा यांनी बनते आणि चेहरा तिचा अर्थ पक्का करतो. 'दूध' या खुणेला भुवया उंचावून, डोळे मोठे करून, डोकं जरा पुढे आणलं की 'दूध हवंय का?' होतं. निर्विकार चेहऱ्याने केलं तर प्रश्न उरतच नाही.

आता खुणा. पहिल्या आठवड्यात फक्त आठ घ्या : जेवण, पाणी, आणखी, झालं, शू, झोप, दुखतंय, आई. त्यांतल्या काही मावशी आत्ताच करत असतील. जुळवलेली बोटं तोंडाशी नेली की जेवण, तळवा गालाला टेकवून मान कलती केली की झोप. हे मावशींना मुद्दाम सांगा : 'तुम्हाला दोन येतातच, सहा राहिल्या.' भीती निम्मी होते. 'दुखतंय'ची खूण झाल्यावर जिथे दुखतंय तिथे बोट टेकवायला शिकवा, म्हणजे ताप आला तर कान की पोट हे विचारता येईल. 'शू'च्या बाबतीत जरा जपून. शाळेतली करंगळी सगळ्यांना माहीत आहे, पण भारतीय सांकेतिक भाषेत करंगळीच्याच आकाराने 'वाईट' दाखवतात, जसं उभ्या अंगठ्याने 'चांगलं'. नुसता आकार पाहून भागत नाही. भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशातला (त्याची माहिती शेवटी दिली आहे) व्हिडिओ पाहून हालचाल आणि चेहराही नीट उचला.

या आठांमधली 'आई' ही खूण मावशींना कदाचित बिनकामाची वाटेल, कारण आई तर घरात नसते. नेमकं म्हणूनच ती लागते. तुम्ही रोज सकाळी पर्स उचलता, चपला घालता आणि दार बंद होतं. ऐकणाऱ्या मुलाला "आई ऑफिसला गेली, संध्याकाळी येईल" असं दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळतं. तुमच्या मुलीला हे आजवर कुणी सांगितलेलंच नाही. तिच्या दृष्टीने तुम्ही रोज नाहीशा होता. तुमचा पर्स घेतलेला एक फोटो आणि संध्याकाळी दारात उभं असल्याचा एक फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा. मावशींनी फोटोवर बोट ठेवून 'आई – काम – गेली', मग दुसऱ्या फोटोवर 'संध्याकाळ – आई – येणार' अशा खुणा करायच्या. रोज, तुम्ही निघालात की लगेच आणि पुन्हा दुपारी ती उठल्यावर. त्यासाठी काम, गेली, संध्याकाळ, येणार या चार खुणा दुसऱ्या आठवड्यात घ्या.

व्याकरणाची मावशींना धास्ती नको, मराठी माणसाला ते जवळचंच आहे. क्रियापद शेवटी, वेळ सुरुवातीला, नकारही शेवटी. 'दूध नको', 'आई घरी नाही' हा आपला क्रम तिथेही चालतो. फरक मुख्यतः प्रश्नात : 'काय', 'कोण', 'कुठे' ही खूण वाक्याच्या शेवटी जाते. 'काय हवंय' नव्हे, 'हवंय काय'. मावशींना जड जाईल ती दुसरीच गोष्ट, माणसाकडे बोट दाखवणं. आपल्याकडे ते असभ्य मानतात, पण सांकेतिक भाषेत मी, तू, ती, ते हे सगळं बोटानेच होतं. ते शब्दच आहेत, असं स्पष्ट सांगा, नाहीतर मावशी सर्वनामांशिवाय बोलत राहतील आणि मुलीला वाक्य मिळणार नाही.

शिकवायचं कसं? बैठक मारून नाही. पाण्याची खूण माठापाशी, शूची बाथरूमच्या दारात, झोपेची अंथरुणाजवळ. तुम्ही करून दाखवा, मावशींनी मुलीला करून दाखवावी, झालं. एका खुणेला दोन मिनिटं पुरतात. मावशींना रोज वीस मिनिटं आधी यायला सांगा आणि त्या वेळेचे पैसे द्या. हे मनापासून सांगतो आहोत. नवी भाषा शिकणं हे काम आहे, ते 'जमलं तर बघा' म्हणून कुणावर टाकू नये. पैसे दिले की तुम्हालाही हक्काने विचारता येतं.

समोरासमोर शिकताना एक चूक हमखास होते : तुमचा उजवा हात हलतो तेव्हा मावशी आरशासारखा डावा हलवतात. नियम सोपा आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याने मुख्य हालचाल उजव्यानेच करायची, डावखुऱ्याने डाव्याने. शेजारी शेजारी उभं राहून आरशासमोर केलं तर हा घोळ होत नाही.

प्रत्येक खुणेची दहा सेकंदांची वेगळी क्लिप करून मावशींच्या व्हॉट्सअॅपवर टाका, सुरुवातीला आवाजात मराठी शब्द म्हणून. वीस मिनिटांच्या व्हिडिओत हवी ती खूण त्यांना सापडणार नाही. आणि ज्या त्या जागी भिंतीवर फोटो लावा, खूण करणाऱ्या मावशींचाच. स्वतःचा फोटो माणूस बघतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्याच्या खुणा लिहा आणि दिवसाअखेर जी दहा वेळा तरी झाली तिच्यापुढे टिक करायला सांगा. परीक्षा घेऊ नका, मावशींचीही नाही आणि मुलीची तर मुळीच नाही. 'पाणी कसं करतात, करून दाखव बरं' हे पाहुण्यांसमोर सुरू झालं की भाषेचा खेळखंडोबा होतो. दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला चार-पाच खुणा वाढवत गेलात तर तीन महिन्यांत साठच्या आसपास पोचाल. तेवढ्यात मावशींचा दिवस बराचसा बसतो.

सुरुवातीचे काही आठवडे मुलगी कदाचित नुसती बघेल, काहीच करणार नाही. मावशी इथेच नाउमेद होतात. त्यांना आठवण करून द्या की ऐकणारी मुलंही बोलायला लागण्याआधी कितीतरी महिने नुसतं ऐकतात. मग ती करायला लागेल ते वेडंवाकडं असेल. बोटांच्या बारीक हालचाली या वयात जमत नाहीत, म्हणून चार बोटांच्या जागी मूठ, मनगटाच्या जागी अख्खा हात हलतो. तिचे हात धरून दुरुस्त करू नका. तिने मागितलं ते लगेच द्या आणि देताना आपण बरोबर खूण करा. तिची बोबडी खूण गोड वाटली तरी मावशींनी तीच उचलू नये, 'पाणी'ला आपण मोठेपणी 'मम' म्हणत नाही तसंच.

आता सगळ्यात मोठी चूक, जी खुणा येणाऱ्या घरांतही होते. खुणा फक्त हुकमांपुरत्या उरतात : खा, बस, झोप, नको, इकडे ये. अशाने मूल आज्ञा पाळायला शिकेल, गप्पा मारायला नाही. तिच्या दिवसाकडे तिच्या बाजूने बघा. मावशी खेळता खेळता एकदम उठतात आणि निघून जातात. कुकरची शिट्टी झालेली असते, पण तिला ती ऐकू आलेली नसते. दारावरची बेल वाजते, फोन येतो, बाहेर भंगारवाला ओरडतो आणि घरातली माणसं विनाकारण उठबस करताना तिला दिसतात. मावशींनी उठण्याआधी तिच्याकडे बघून सांगायचं : कानाकडे बोट, 'दार – कोणीतरी – मी बघते – येते'. आणि शक्य तिथे तिला सोबत न्यायचं, म्हणजे दार उघडल्यावर दूधवाला दिसतो आणि गोष्ट पूर्ण होते. पाऊस आला, मांजर पळालं, भाजीवाल्याकडे कोथिंबीर नव्हती, शेजारचं बाळ रडतंय, हे सगळं सांगायचं. खूण येत नसेल तर बोट दाखवा, नक्कल करा, चेहऱ्याने सांगा. बरोबर खूण संध्याकाळी तुम्ही शोधून द्या. मावशींनी त्या दिवशी अडलेले दोन शब्द तुम्हाला सांगायचे, हाच पुढच्या आठवड्याचा अभ्यासक्रम. तुम्ही घरी बसून केलेल्या यादीपेक्षा तो केव्हाही बरा.

कार्टूनच्या वेळेतली काही मिनिटं कापून दुपारी तुम्ही व्हिडिओ कॉल करा. मावशींनी फोन डब्याला टेकवून ठेवावा, हातात धरला तर एक हात अडकतो. दोन-तीन मिनिटं पुरतात : 'आई – काम – संध्याकाळ – येणार', 'तू – जेवण – झालं?'

रस्त्यावर मात्र खुणांवर भिस्त नको. ती पुढे पळाली तर मागून थांबवता येत नाही, म्हणून बाहेर हात धरलेलाच हवा आणि घराच्या दाराची वरची कडी लावलेली.

सासूबाईंच्या भीतीविषयी. खुणा शिकल्यामुळे मूल बोलत नाही, हे संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. बोलणं किती येईल हे श्रवणयंत्रातून तिला किती आणि कसं ऐकू येतं, ते कधीपासून लावलं, थेरपी किती नियमित आहे, यावर ठरतं. पहिल्या पाच वर्षांत मात्र कुठली तरी एक भाषा तिला पूर्ण मिळायलाच हवी. ती मिळाली नाही तर पुढे वाचन, लेखन, विचार मांडणं, सगळंच ओढाताणीचं होतं. बोलणं येईल तेव्हा येईल, तोवर तिला रिकामं ठेवायचं नाही. म्हणून मावशींनी खूण करताना तोंडाने मराठी शब्दही नेहमीच्या आवाजात म्हणावा. ओरडून नाही, ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. आणि 'तिला ऐकूच येत नाही' म्हणून दिवसा यंत्रं काढून ठेवली जात नाहीत ना, ते बघा. यंत्र कसं घालायचं, शिट्टीसारखा आवाज आला तर कानातला साचा नीट बसलेला नाही किंवा कान वाढल्याने तो सैल झाला आहे, हे मावशींना कळलं पाहिजे. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवण-उपकरणाचा) विचार असेल तर ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे श्रवणतज्ज्ञाशी, याच महिन्यात बोला, तिथे मुलीचं वय महत्त्वाचं ठरतं. इम्प्लांट झालं तरी खुणा लागतीलच : आंघोळीला, झोपताना, बॅटरी संपल्यावर.

सासूबाईंनाही चार खुणा करायला लावा. आपल्याकडे पाहून नातवंडाने 'आणखी' मागितलं की त्यांच्याशी वाद घालायची गरज बहुधा उरत नाही. आणि घरात कुणी तिला 'मुकी' म्हणत असेल, प्रेमाने का होईना, तर ते थांबवा. ती कर्णबधिर आहे. मुकी नाही.

खुणा तपासायला खात्रीची जागा म्हणजे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश. 2015 मध्ये हे केंद्र सुरू झालं. 2021 मध्ये त्यांनी कोशाची तिसरी आवृत्ती काढली, तिच्यात 10,000 शब्द आहेत. व्हिडिओ यूट्यूबवर मोफत आहेत. 'साइन लर्न' हे त्यांचं अॅपही आहे. शब्द इंग्रजी-हिंदीत शोधावा लागतो, ते काम तुमचं. मावशींकडे तयार क्लिप जावी. प्रशिक्षणाविषयी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा, 1983 पासूनची संस्था आहे.

पण कोश म्हणजे बोलणारं माणूस नव्हे. सगळ्यात जास्त फरक पडेल तो रविवारी एक तास कुणी कर्णबधिर प्रौढ व्यक्ती घरी आल्याने. नाशिकमधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत किंवा कर्णबधिरांच्या संघटनेत विचारा, मानधन ठरवा आणि त्या तासाला तुम्ही, नवरा, मावशी, मुलगी सगळे बसा. मावशींना त्या तासाचेही पैसे द्या. शिकवणाऱ्यांशी सुरुवातीला फोनवर मराठीत टाइप करून बोलता येईल. ऐकणाऱ्या माणसाच्या हातातून खुणा तुटक येतात, एकेक शब्द मोजल्यासारख्या. त्यांच्या हातातून सलग भाषा येते आणि मुलगी ती वेगळ्याच नजरेने बघते. त्यांनी दाखवलेली खूण कोशापेक्षा वेगळी असेल तर त्यांचीच घ्या. मुंबई, पुणे, नाशिक, बोली बदलते तशा खुणाही थोड्या बदलतात. मूल ज्यांच्यात वावरणार आहे त्यांची खूण खरी.

पहिल्या रविवारी त्यांना एक काम आवर्जून सांगा. कर्णबधिर समाजात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, चेहऱ्यावरचा तीळ, केसांचा भोवरा, एखादी लकब यांवरून ठेवलेलं. तुमच्या मुलीला, तुम्हाला, बाबांना आणि मावशींना अशी नावं ठेवून घ्या. बाई दाखवायला नाकावर चमकीच्या जागी बोट आणि पुरुषाला मिशी, या खुणा मावशींना पटकन जमतील, पण त्या कुठल्याही बाईच्या आणि पुरुषाच्या आहेत. दिवसाचे दहा तास जिच्याबरोबर जातात, तिला हाक मारायला तुमच्या मुलीकडे आज नाव नाही.